गिअरचा दांडा ‘डी’त टाकून विसरून जायचं?

मित्राने डीसीटीवाली (ड्युअल क्लच ट्रान्समिशन, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स) ऑटोमॅटिक घेतली आणि चौथ्याच दिवशी त्याचा फोन आला. ‘अरे, हे इको-नॉर्मल-स्पोर्ट मोड म्हणजे नक्की काय भानगड आहे? मी तर स्पोर्टवर ठेवून दिलीये कायमची. पैसे मोजलेत ना त्याचे!’ मी समजावायला लागलो आणि पाऊण तास कसा गेला कळलं नाही. शेवटी तो म्हणाला, ‘तू हे लिहूनच टाक, मी सावकाश वाचतो.’ तर घे बाबा, लिहितोय. बाकीच्यांनीही वाचा, कारण ‘ऑटोमॅटिक आहे, आपल्याला काय करायचंय’ म्हणणाऱ्यांत तीन वर्षांपूर्वी मीही होतो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाकू. डीसीटी ही जुन्या अर्थाची ऑटोमॅटिक नव्हे. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलातून जोर पुढे पोचतो. ते तेल कितीही घुसळलं तरी फारसं मनावर घेत नाही. डीसीटीच्या पोटात मात्र आपला मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. फरक इतकाच, की क्लच दोन असतात आणि ते दाबायला माणसाऐवजी कॉम्प्युटर बसलेला असतो. १, ३, ५, ७ हे गिअर एका क्लचवर आणि २, ४, ६ दुसऱ्यावर. गाडी तिसऱ्यात पळत असताना चौथा दुसऱ्या बाजूला आधीच टाकून तयार ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो. म्हणून तर पोटातलं पाणीही न हलता गिअर बदलतो.

कल्पना तशी जुनीच. अडोल्फ केग्रेस नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १९३९ च्या सुमारास ती मांडली होती. (हा गडी त्याआधी रशियाच्या झारच्या मोटारखान्यात होता आणि बर्फात चालाव्यात म्हणून त्याने झारच्या गाड्यांना मागे पट्टे बसवले होते. अवांतर आहे, पण मला हा माणूस फार आवडतो.) तेव्हा दोन क्लचचा हिशेब ठेवायला कॉम्प्युटर नव्हता. मग १९८०च्या दशकात पोर्शेने रेसच्या गाड्यांत हा प्रकार चालवून बघितला आणि २००३ साली फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ मधून तो साध्या गिऱ्हाइकापर्यंत पोचला.

आता माझा मुद्दा. पुढचा गिअर ‘आधीच तयार ठेवायचा’, तर कुठला? हे कुणीतरी ठरवावं लागतं. म्हणजेच डीसीटी सतत अंदाज बांधत असते. तुमचा पाय, वेग, ब्रेक, चढ-उतार हे सगळं बघून ती ठरवते, की या माणसाला आता वरचा गिअर लागेल का खालचा. तिला पुढचा ट्रक दिसत नाही, वळण दिसत नाही, लांबवर लागलेली रांग दिसत नाही. ते तुम्हाला दिसतं. मोड बदलणं म्हणजे तुम्हाला जे दिसतंय ते तिला आधी सांगून ठेवणं. यापलीकडे त्या बटणात जादू नाही. आणि जो माणूस चोवीस तास एकाच मोडमध्ये गाडी चालवतो, मग तो स्पोर्ट असो की इको, तो तिला काहीच सांगत नाही.

ओव्हरटेकचंच उदाहरण घ्या. दुपदरी रस्ता आहे, पुढे ट्रक आहे, तुम्ही साठच्या वेगाने त्याच्या मागे निवांत आहात. ‘डी’मध्ये, म्हणजे नेहमीच्या ‘ड्राइव्ह’मध्ये, गाडी सहाव्या गिअरमध्ये, जेमतेम पंधराशे आरपीएमवर. पाय हलका आहे, म्हणून तिने सातवा काढून ठेवलाय. समोरून रस्ता मोकळा दिसतो आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर खाडकन दाबता. तिला आता हवाय चौथा. पण चौथा आणि सहावा एकाच क्लचवर! सहावा सोडल्याशिवाय चौथा पडत नाही. मधला पाचवा किंवा तिसरा घ्यावा, तर त्या बाजूला सातवा बसलेला, तो आधी काढायला हवा. ही सगळी धावपळ गिअरबॉक्समध्ये चाललेली असते आणि तुम्ही अर्धे पलीकडच्या लेनमध्ये, पाय जमिनीला टेकलेला, आणि गाडी म्हणते थांबा जरा. मोजलं तर सेकंदभरसुद्धा नसेल. पण समोरून दिवे येत असताना तो क्षण किती लांब वाटतो ते ज्याचं त्याला माहीत. पहिल्यांदा झालं तेव्हा बाबा शेजारी बसले होते. काही बोलले नाहीत, फक्त दरवाज्यावरचं हँडल धरलं.

उपाय एकदम साधा. ट्रकच्या मागे असतानाच, बाहेर पडायच्या पाच-सहा सेकंद आधी, दांडा ‘एस’मध्ये, म्हणजे स्पोर्टमध्ये, ओढायचा किंवा स्टिअरिंगमागचं, गिअर खाली आणणारं डावं पॅडल बोटाने दोनदा दाबायचं. गाडी चौथ्यात येते, आरपीएम वर चढतं, इंजिन जरा गुरगुरतं. मग पाय दाबला की तत्क्षणी उडी. पुढे गेलो की परत ‘डी’. स्पोर्ट मोडचा माझ्या लेखी खरा उपयोग हा एवढाच, दहा-पंधरा सेकंदांचा.

‘पण स्पोर्टमध्ये गाडीची पॉवर वाढते ना?’ हा मित्राचा पुढचा प्रश्न. बहुतेक गाड्यांत नाही वाढत. स्पोर्टमध्ये अ‍ॅक्सिलरेटरच्या पॅडलचा हिशेब बदलतो. नॉर्मलमध्ये अर्धं दाबल्यावर जेवढं मिळतं, ते इथे पाव दाबल्यावरच मिळतं. म्हणून गाडी तरतरीत वाटते. पण पॅडल पूर्ण दाबलंत, तर दोन्हीकडे इंजिन तेच आणि तेवढंच देतं. बाकी गिअर उशिरा बदलतात, स्टिअरिंग थोडं जड होतं, मीटर लाल होतं. शहरातल्या गर्दीत हा मोड लावणाऱ्याच्या मागच्या सीटवर एकदा बसून बघा. दर दहा मीटरला मान पुढे-मागे. चालवणाऱ्याला मजा, बसणाऱ्याला मळमळ.

इकोचं उलटं. तो बिचारा सज्जन आहे, पण सज्जनाला घाटात नेऊ नये. सपाट, मोकळ्या, एकसारख्या वेगाच्या रस्त्यावर इको उत्तम. चढावर मात्र तो हट्टाने वरचा गिअर धरून ठेवतो. इंजिन गुदमरतं, आपण वैतागून पाय जास्त दाबतो, मग तो खालचा गिअर देतो, जरा वेग आला की पुन्हा वरचा. पुन्हा गुदमर. आख्खा चढ हा खेळ चालतो. यात पेट्रोल वाचतं असं ज्यांना वाटतं त्यांना वाटू दे. माझा अनुभव असा, की चढाला नॉर्मल लावून एकच गिअर धरून गेलं की गाडी आणि डोकं दोन्ही शांत राहतात.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथे येतो. मुंगीच्या पावलांची रांग. आणि त्यातही चढावरची.

माझ्या गाडीचा क्लच कोरडा आहे. डीसीटी दोन प्रकारच्या असतात. ओल्या क्लचवाल्या, म्हणजे क्लचच्या चकत्या तेलात बुडालेल्या आणि उष्णता तेल वाहून नेतं. आणि कोरड्या, ज्यांना फक्त हवेचा आधार. कोरडी हलकी असते, तेल घुसळण्यात तिची ताकद वाया जात नाही, म्हणून छोट्या इंजिनांबरोबर ती खूप दिसते. पण घासाघीस झाली की तापते लवकर.

नवी गाडी होती तेव्हाची गोष्ट. घाटात कुठेतरी ट्रक बंद पडलेला, तासभराची रांग, सगळा चढ. मी आपला ‘डी’मध्ये. पुढचा हलला की मी हलायचो, तो थांबला की मी ब्रेकवर न जाता अ‍ॅक्सिलरेटरला हलकासा पाय लावून गाडी जागच्या जागी तोलून धरायचो. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये हे चालून जायचं म्हणून सवय लागलेली. चाळीसेक मिनिटांनी आधी गाडी थरथरायला लागली, सुटताना धक्के, मग काहीतरी जळल्याचा वास. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. आणि मग मीटरवर पिवळा गिअर उगवला: गिअरबॉक्स गरम झालाय, गाडी थांबवा. कडेला घेतली, ‘पी’त टाकली, गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे इंजिन चालू ठेवून बसलो. मागून येणारा प्रत्येक जण काच खाली करून विचारत होता, ‘काय झालं?’ काय सांगणार, अर्धा क्लच जाळला म्हणून?

तेच तर झालं होतं. मॅन्युअल गाडी शिकताना पहिल्याच आठवड्यात शिव्या खाऊन शिकलो होतो, की चढावर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी तोलायची नाही. इथे क्लचचं पॅडलच नाही, तर हाफ क्लच कुठला, असं समजून बसलो होतो. पॅडल नाही, क्लच आहे. आणि तो दोनदा आहे.

यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. पहिल्या गिअरमध्ये, इंजिन आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता नुसतं चालू असताना, माझी गाडी साधारण सहा-सात किलोमीटरच्या वेगाने चालते. म्हणजे त्या वेगाला क्लच पूर्ण बसतो आणि घासणं थांबतं. दुसऱ्या गिअरमध्ये तोच आकडा अकरा-बाराच्या आसपास. रांग मात्र चालते आठ-नऊने. ‘डी’ला घाई असते, ती जरा वेग आला की दुसरा टाकते. मग आठ-नऊच्या वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये क्लच कधी पूर्ण बसतच नाही, अर्धवट घासत राहतो. इको असेल तर ही घाई आणखी वाढते. म्हणून रांगेत मी आता दांडा ‘एम’मध्ये (मॅन्युअल, म्हणजे गिअर आपण ठरवायचा) टाकतो आणि पहिल्यातच राहतो. आठचा वेग, पहिला गिअर, क्लच पूर्ण बसलेला, घासणं शून्य. त्याहून हळू रांग असेल तर पुढे दोन-तीन गाड्यांची जागा पडू देतो, मग एकदम सुटतो आणि पूर्ण थांबतो. त्या जागेत कुणीतरी घुसतोच. घुसू दे. त्याच्या घुसण्यापेक्षा माझा क्लच महाग आहे.

‘एम’ची भीती बाळगू नका. वेग फार उतरला तर गाडी स्वतःहून खालचा गिअर घेते, बंद पडत नाही.

तसंच ब्रेकचं. पूर्ण थांबलोय आणि ब्रेक नीट दाबलेला आहे, तर ‘डी’मध्येही क्लच सुटलेला असतो. दर सिग्नलला न्यूट्रल टाकायची गरज नाही. लांब थांबायचं असेल तर टाका, हँडब्रेक लावा. खरा घोळ अर्धवट ब्रेकवाल्यांचा. पाय जरा उचललेला, गाडी पुढे जायला बघतेय आणि ब्रेक तिला धरून ठेवतोय. सिग्नलला पुढची गाडी सारखी इंच-इंच उचक्या देताना दिसली, की मी ओळखतो. आपला गडी!

उतारावर तर मोडचा विचार केलाच पाहिजे. काही गाड्यांत इको असताना पाय काढला की गाडी क्लच सोडून देते आणि मोकळी घरंगळते. सपाटीवर छान, घाट उतरताना नको. सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापले की पॅडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. उतारावर ‘एम’मध्ये दुसरा-तिसरा धरायचा, इंजिनच गाडीला आवरतं. न्यूट्रल टाकून उतरलं की पेट्रोल वाचतं, हे काका-मामांकडून ऐकलेलं शास्त्र आता सोडा. गिअरमध्ये पाय काढून उतरताना इंजिनला चाकं फिरवत असतात, म्हणून इंधन बंदच केलेलं असतं. न्यूट्रलमध्ये उलट आयडलला पेट्रोल लागतं.

मित्राला हे सगळं सांगून महिना झाला. काल पुन्हा फोन आला. रांगेत ‘एम’ लावतो म्हणाला, उतारावर तिसरा धरतो, ओव्हरटेकला पॅडल मारतो, बाकी वेळ नॉर्मल. मी म्हटलं, ‘मग स्पोर्टचं बटण?’

जरा थांबून म्हणाला, ‘ते लाल मीटर रात्री फार झकास दिसतं रे. गाडी लावून झाली की दोन मिनिटं लावतो आणि बसून बघतो.’