टीसी आधी की मायग्रेशन आधी?

पदव्युत्तर प्रवेश म्हटला की दर जूनला हेच. अर्जात मायग्रेशनच्या, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायच्या दाखल्याच्या, रकान्याला लाल चांदणी, तो भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. मायग्रेशन देणार जुनं विद्यापीठ, तेही शेवटच्या सत्राची गुणपत्रिका आणि टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) जोडल्यावर. शेवटच्या सत्राचा निकाल? लागायचाय. प्रवेशाची शेवटची तारीख मात्र पक्की! चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांचे आणखी हाल. 2011 साली नागपूर विद्यापीठातून गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं, तेव्हापासून ती नागपुरात 'बाहेरची'. सीताबर्डीच्या झेरॉक्सवाल्याला हे नियम खिडकीतल्या बाबूपेक्षा जास्त पाठ असतात, राजेहो.

टीसीची मूळ प्रत एकच. पहिल्या कॉलेजात ती जमा झाली, की दुसऱ्या यादीत नाव लागूनही पोरगं अडकलं. आधी प्रवेश रद्द करा, फी कापून घ्या, मग टीसी. आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची वेगळीच तऱ्हा. मुदत संपते 31 मार्चला, प्रवेश जूनमध्ये; म्हणजे जुना दाखला ऐनवेळी बाद, आणि सेतू केंद्रात तेव्हाच सगळ्यांची रांग. त्यात प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर आणा म्हणून पिटाळतात. अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क 2004 पासून माफ आहे, पण तो आदेश वाचतो कोण?

अन् सगळं ऑनलाइन भरल्यावरही मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच घेऊन प्रत्यक्ष यायचंच. मग अपलोड काहून करायला लावलं, बाप्पा?