कस्टम व्हॅलिडेशनची टेस्ट म्हणजे फ्रेमवर्कची टेस्ट? अजिबात नाही

रेल्स (रुबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतो, की मॉडेलच्या व्हॅलिडेशनची (म्हणजे डेटा सेव्ह होण्याआधीच्या तपासणीची) टेस्ट लिहू नका, फ्रेमवर्क आधीच टेस्ट केलेलं असतं, लिहायचीच तर चुकीचा रेकॉर्ड इनव्हॅलिड येतो एवढं बघा, आणि उरलेलं फॉर्मच्या टेस्टमध्ये सापडतंच. मला यातलं एकही पटत नाही.

प्रेझेन्स (फील्ड रिकामं नको), लेन्थ (लांबी) असल्या रेडीमेड गोष्टींपुरतं पहिलं म्हणणं ठीक आहे, आणि रेल्स 7.0 पासून तुलनेचं व्हॅलिडेशनही तयार मिळतं, तेवढ्यानं भागत असेल तर तेच वापरा. पण शेवटची तारीख सुरुवातीच्या आधीची नको हे तपासायला स्वतः मेथड लिहिलीत की तो कोड तुमचा झाला, रेल्सचा नाही. दोन्ही तारखांना प्रेझेन्स लावलंय म्हणून आपण निर्धास्त असतो, पण रेल्स पहिल्या एररला थांबत नाही, पुढची व्हॅलिडेशन्सही चालवतं, मग तारीख रिकामी असतानाही तुमची मेथड चालते, निलशी (म्हणजे नसलेल्या व्हॅल्यूशी) तुलना करायला जाते आणि युजरला साध्या मेसेजऐवजी 500 एरर (सर्व्हरच कोलमडल्याची) दिसते. किंवा कोणीतरी मेथडमधून नुसतं फॉल्स रिटर्न करतं. रेल्स ती व्हॅल्यू बघतच नाही हो, एरर्समध्ये काही टाकलं नाही तर रेकॉर्ड व्हॅलिडच!

"इनव्हॅलिड येतो एवढं बघा" हे तर सगळ्यात घातक. टेस्टमधल्या रेकॉर्डला नाव द्यायचं राहिलं असेल तर तो त्यामुळेच इनव्हॅलिड होतो आणि टेस्ट हिरवी (म्हणजे पास), तारखांचा संबंधच नाही. खात्री करायची तर मॉडेलमध्ये व्हॅलिडेट लिहून तुमची मेथड जोडणारी ती एक ओळ कमेंट करा आणि टेस्ट चालवा, तरीही हिरवी आली तर ती टेस्ट काहीच तपासत नव्हती. म्हणून आधी पूर्ण व्हॅलिड रेकॉर्ड घ्या, तो व्हॅलिड आहे हे तपासा, मग फक्त एकच तारीख बदला, पुन्हा व्हॅलिड? ही मेथड कॉल करा (तो केल्याशिवाय एरर्स भरतच नाहीत) आणि एरर्स.ऑफ_काइंड? वापरून त्याच फील्डवर तीच एरर आलीये ना ते बघा. दोन्ही तारखा एकच असतील तर काय, याची टेस्ट वेगळी लिहा, गडबड बहुतेक तिथेच होते.

राहिला फॉर्म. डेटा काही फक्त फॉर्ममधून येत नाही, इम्पोर्ट असतो, बॅकग्राउंड जॉब असतात, कन्सोल असतो. आणि अपडेट_कॉलम, अपडेट_ऑल, इन्सर्ट_ऑल या मेथड तर व्हॅलिडेशन चालवतच नाहीत, त्यामुळे नियम खरंच मोडता कामा नये असा असेल तर डेटाबेसमध्ये चेक कन्स्ट्रेंटही (डेटाबेस स्वतः पाळतो असा नियम) लावा आणि त्याचीही एक टेस्ट लिहा.