‘ओटीपी स्वतःच दिला ना?’ : ई-चलन एपीकेच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ई-चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणाऱ्या) फाइलबद्दलच्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप मला समजले ते असे. फाइल माणसाने स्वतः उघडली, परवानग्या स्वतः दिल्या, ओटीपीही स्वतःच दिला, तरी लेखात बँक, गूगल आणि व्हॉट्सॲप यांनाच पिंजऱ्यात उभं केलं आहे. अशांना पैसे परत मिळू लागले तर लोक आणखी बेफिकीर होतील. आणि पैसे लावून खेळायच्या ॲपवर बुडालेल्यांना ‘फसवले गेलेले’ म्हणणं चुकीचं आहे, तो निव्वळ हव्यास आहे.

पहिल्या आक्षेपावर जास्त लिहितो, कारण बाकीचे दोन त्याच्याच पायावर उभे आहेत.

‘ओटीपी स्वतःच दिला’ हे या प्रकारात बहुतेक वेळा घडतच नाही. आत काय चालतं ते क्रमाने पाहू. फाइल ओळखीच्या नंबरवरून येते, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. फाइल फोनवर टाकली की ॲप एसएमएस वाचायची आणि पाठवायची परवानगी मागतं. बरेचदा ‘हेच मुख्य एसएमएस ॲप करा’ असंही विचारतं. यामागे नेमकं कारण आहे: अँड्रॉइडवर आलेला संदेश पुसून टाकायची मुभा फक्त मुख्य एसएमएस ॲपलाच असते. मग दंड भरण्यासाठी म्हणून एक पान उघडतं आणि एक रुपया भरायला सांगतं. तिथे डेबिट कार्डाचा नंबर आणि मुदतीची तारीख टाकली जाते. रुपया कटतही नाही, ‘सर्व्हर बंद आहे’ असं दिसतं आणि ॲपचं चिन्ह फोनवरून दिसेनासं होतं.

आता भामट्याच्या बाजूने पाहा. त्याला स्वतःच्या फोनवर तुमचं यूपीआय चालू करायचं आहे. यूपीआय नोंदणीच्या वेळी तुमच्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जावा लागतो, त्यावरूनच फोन आणि नंबर यांची गाठ मारली जाते. तो एसएमएस तुमच्या फोनमधलं ॲप गुपचूप पाठवतं. यूपीआय पिन नव्याने लावायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी लागतो. पहिल्या दोन गोष्टी त्या एक रुपयाच्या पानावर मिळाल्या, ओटीपी ॲपने वाचून पुढे धाडला. बँकेने ‘तुमचं यूपीआय नव्या फोनवर सुरू झालं’ असा इशारा पाठवला असेल, तर तोही पुसला गेला. यात खातेदाराने कुणाला ओटीपी सांगितल्याचा प्रसंगच आलेला नाही. त्याची चूक आहे, पण ती फाइल उघडण्याची आणि कार्डाचा नंबर टाकण्याची. नेमकी चूक कोणती ते ठरवल्याशिवाय जबाबदारी वाटता येत नाही, म्हणून मी या तपशिलाला इतका चिकटून आहे.

या साखळीत माणसाखेरीज आणखी कोण उभं होतं? अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची (पडदा वाचायची आणि तुमच्या वतीने बटणं दाबायची) परवानगी सहज मिळत नाही. त्यावर भामट्यांनी दोन टप्प्यांची युक्ती काढली: पहिलं ॲप निरुपद्रवी दिसतं, ‘अपडेट करा’ म्हणतं आणि दुसरं ॲप आत आणतं. गूगलने फेब्रुवारी २०२४ मध्ये सिंगापुरात प्ले प्रोटेक्टमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या ॲप-तपासणीत, एक नवी अडवणूक आणली. ब्राउझर, व्हॉट्सॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटीच्या ठरावीक परवानग्या मागत असेल, तर ते टाकूच द्यायचं नाही. भारतासाठी ही घोषणा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. म्हणजे कुलूप बनवता येत होतं, आपल्याकडे ते उशिरा आलं. हा उशीर कंपनीच्या खात्यावर मांडला तर तो अन्याय कसा?

यूपीआयच्या ‘कलेक्ट रिक्वेस्ट’चं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. जुना सोफा विकायला काढला की ‘खरेदीदार’ पैसे पाठवण्याऐवजी पैसे मागण्याची विनंती पाठवायचा, आणि विकणारा पैसे येतील म्हणून पिन टाकायचा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. जाहिराती झाल्या, बँकांचे एसएमएस झाले, फलक लागले. तरी फसवणूक चालूच राहिली. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीला पाठवायची ही सोयच बंद केली. दुकानदार आणि कंपन्यांसाठी ती चालू आहे, पण शेजारच्या गावातला अनोळखी माणूस आता तुम्हाला अशी विनंती पाठवू शकत नाही. जे प्रबोधनाला जमलं नाही ते एका परिपत्रकाने झालं. इतकी वर्षं आपण मात्र पिन टाकणाऱ्यांना अडाणी म्हणत होतो, आणि त्यात निवृत्त शिक्षकही होते, बँकेतून निवृत्त झालेलेही होते.

आता कायद्याचं. आपण ‘बँकेने का द्यावं?’ असं विचारलंत. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक याच प्रश्नावर आहे. त्यातली विभागणी अशी: चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, मग त्याने तक्रार केलेली असो वा नसो. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसरीकडेच कुठे गळती झाली, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेले असतील तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. आणि ग्राहक जबाबदार होता हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. शाखेत मात्र बहुतेकदा याच्या उलट चालतं. ‘ओटीपीने व्यवहार झालाय, म्हणजे तुम्हीच दिला’ एवढ्या एका वाक्यावर तक्रार बंद होते. आपल्या प्रतिक्रियेतही हेच वाक्य होतं, म्हणून मला ते इतकं खुपलं.

न्यायालयांनी हे वाक्य पुरेसं मानलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये बँक ऑफ बडोदाला एका खातेदाराचे ७६ लाख ९० हजार रुपये परत करायला सांगितले, ते याच परिपत्रकाचा आधार घेऊन. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेची याचिका फेटाळली. त्या प्रकरणातली रक्कम ९४ हजारांच्या घरात होती आणि ग्राहकाने २४ तासांच्या आत कळवलं होतं. ग्राहकाला बोलण्यात गुंतवून त्याच्याकडून एक ॲप टाकून घेतलं होतं, तरीही बँकेला हात झटकता आले नाहीत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नव्या निर्देशांत तर स्पष्टच आहे: ओळख पडताळणीचे नियम न पाळता झालेल्या व्यवहारात नुकसान झालं, तर ते बँकेने खळखळ न करता पूर्ण भरून द्यायचं.

इथे आपला एक मुद्दा मला मान्य करायलाच हवा. हे सगळं ‘खातेदाराच्या परवानगीशिवाय झालेल्या’ व्यवहारांना लागू आहे. खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर दिलेल्या ‘डिजिटल अटके’च्या धमकीने माणूस स्वतः बँकेत जाऊन आरटीजीएस करतो, किंवा शेअरच्या खोट्या ॲपमध्ये स्वतः पैसे भरतो, तिथे २०१७ चं परिपत्रक फारसं कामाला येत नाही. मूळ लेखात मी ही रेघ स्पष्ट ओढायला हवी होती. पण तिथेही ‘ज्याचं त्याने बघावं’ हे एकच उत्तर नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून पाठवायला लावलेले पैसेही ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यावे लागतात, आणि भार पैसे पाठवणारी बँक व घेणारी बँक यांच्यात निम्मा-निम्मा वाटला जातो. घेणाऱ्या बँकेला यात ओढलं, हे मला विशेष पटतं. पैसे जातात ते कुणाच्या तरी भाड्याने दिलेल्या खात्यात, आणि ते खातं उघडून देणारी बँक आपल्याकडे चर्चेत येतच नाही. ज्या खात्यात वर्षभर दोन-चार हजार फिरले त्यात एका दुपारी आठ लाख येऊन वीस मिनिटांत बाहेर गेले, तर हे पाहायला खातेदार बसलेला नसतो. बँकेची यंत्रणा बसलेली असते.

लोक बेफिकीर होतील, ही आपली भीती ब्रिटनने आधीच विचारात घेतली आहे. प्रत्येक दाव्यातून १०० पौंडांपर्यंत कापायची मुभा आहे, आणि घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर भरपाई नाकारता येते.

जाहिरातींबद्दल थोडं. ‘प्लॅटफॉर्म फक्त मध्यस्थ आहेत’ असं आपण लिहिलंत. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने मेटाच्या (फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या कंपनीच्या) अंतर्गत कागदपत्रांवर आधारित बातमी दिली. त्यानुसार २०२४ च्या उत्पन्नापैकी सुमारे १० टक्के फसव्या जाहिराती आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल, असा कंपनीचाच अंदाज होता, आणि फसवणुकीची खात्री ९५ टक्के झाल्याशिवाय जाहिरातदाराला बाहेर काढलं जात नव्हतं. संशयिताकडून जास्त दर घेतला जायचा. हा अंदाज ढोबळ आणि फुगलेला होता, असं मेटाचं म्हणणं आहे. तेही लक्षात घ्या. पण संशय आल्यावर दर वाढवून जाहिरात चालू ठेवणाऱ्याला मध्यस्थ म्हणणं मला जमत नाही.

गेमिंगबद्दल आपण सर्वांत कठोर लिहिलंत. मी रमी किंवा फँटसी क्रिकेटमध्ये हरलेल्यांबद्दल लिहिलंच नव्हतं. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, मोठ्या कंपन्यांनी ते खेळ बंद केले, आणि तीच नावं-चिन्हं चोरून टेलिग्रामवर एपीके फिरू लागल्या. त्यांत खेळ खेळच नसतो. पाचशे भरले की पडद्यावर आठ हजार जिंकल्याचं दिसतं, काढायला गेलं की ‘आधी ३० टक्के कर भरा’. यावर एकच खूण पुरते: १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमाने ऑनलाइन खेळातल्या जिंकण्यावरचा ३० टक्के टीडीएस रकमेतूनच कापला जात होता. जिंकलेले पैसे सोडवायला वरून कर मागणारा भामटाच. असे फसलेले तरुण तक्रारीला जात नाहीत, ‘आपणच गुन्हा केला’ म्हणून घाबरतात. त्या कायद्यात खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाख. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. आपण वापरलेला ‘हव्यास’ हा शब्द त्यांच्या घरच्यांनी वापरला, तर त्यांची तक्रार होतच नाही.

शेवटी आपण विचारलंत, ‘मग फाइल उघडलीच असेल तर करायचं काय, ते तरी सांगा.’ योग्य मागणी आहे, ते मूळ लेखात अपुरं होतं.

आधी एअरप्लेन मोड, नाहीतर सिम काढा. नुसतं वायफाय बंद करून भागत नाही, ॲप एसएमएसनेही ओटीपी पुढे पाठवू शकतं. मग दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा आणि बँकेच्या हेल्पलाइनवर यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग तिन्ही बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर जवळ ठेवा. १९३० वर यूटीआर जितक्या लवकर पोहोचेल, तितक्या आधीच्या टप्प्यावर पैसे अडकवता येतात. पैसे तिसऱ्या-चौथ्या खात्यात गेले किंवा एटीएममधून निघाले की यंत्रणेच्या हाती फारसं उरत नाही. तक्रारीचा पावती क्रमांक घालून बँकेला ईमेल करा, आणि तो त्याच दिवशी करा. वरच्या तीन दिवसांच्या हिशेबात हाच ईमेल पुरावा ठरतो.

फोन सेफ मोडमध्ये (यात बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत) चालू करा, सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ आणि ॲक्सेसिबिलिटी या दोन्ही ठिकाणी अनोळखी ॲपची परवानगी काढा, मग ॲप काढा. डिव्हाइस ॲडमिनची परवानगी असेपर्यंत ‘अनइन्स्टॉल’ दाबून ॲप जात नाही, लोक इथेच अडकतात. एपीके फाइल आणि चॅटचे स्क्रीनशॉट पोलिसांसाठी दुसरीकडे ठेवून मग फॅक्टरी रीसेट करा. सिम परत घातल्यावर ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग बंद करा. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी संगणक दिसतो का पाहा. आणि बँकेचे इशारे ईमेलवरही चालू ठेवा, तो ईमेल शक्यतो दुसऱ्या यंत्रावर उघडणारा असावा.

चलन खरं आहे का हे पाहायचं असेल तर mahatrafficechallan.gov.in हा पत्ता स्वतः टाइप करून गाडीचा क्रमांक घाला. चलन फाइलच्या रूपात कधीच येत नाही.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते. मधल्या खात्यात अडवलेली रक्कम आपोआप परत येत नाही, मोठ्या रकमेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज करावा लागतो. रक्कम अडकली आहे एवढं कळल्यावर बरेच जण वाट पाहत बसतात आणि अर्ज राहून जातो. तपास अधिकाऱ्याकडून कोणत्या बँकेत किती रक्कम थांबवली आहे ते लेखी घ्या, अर्जाला तेच जोडायचं असतं.