बोली सोडली की नोकरी लागते का?

‘पावरी, भिलोरी या आदिवासी बोली बोलणारी मुले आपली बोली, सण आणि रूढी सोडत नाहीत, म्हणून नोकरीत मागे पडतात’ हा दावा नंदुरबार-धुळ्याकडे बराच फिरतो आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांत शिक्षकही आहेत, याचे मला अधिक दुःख होते.

आधी बोलीचे पाहू. धडगाव-अक्कलकुव्याकडे पहिलीत बसलेल्या मुलाच्या कानावर घरी पावरी किंवा भिलोरी पडते आणि समोरचे पुस्तक मराठीत असते. दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक नसेल, तर ते मूल वाचायलाच उशिरा लागते. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करावी, असे राज्यघटनेचे 350अ हे कलम 1956 पासून सांगते. ती सोय न करता मुलाच्या बोलीवर ठपका ठेवणे अन्यायाचे आहे.

‘होळी आली की कामावर येत नाहीत’ या तक्रारीला फार उत्तराची गरज नाही. कोकणातला माणूस गणपतीला गावी जातो, म्हणून त्याला कोणी कामचुकार म्हणत नाही. इथल्या मुलांची शाळा खरी बुडते ती दिवाळीनंतर, आईबाप मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जातात तेव्हा.

रूढी सोडल्या की वाट मोकळी होते, हा मात्र सर्वांत चुकीचा भाग आहे. राखीव जागेवर टिकण्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या माधुरी पाटील निकालाने घालून दिलेल्या पद्धतीनुसार पडताळणी समितीचे दक्षता पथक कुळाच्या देवता, लग्नाच्या आणि मर्तिकाच्या चालीरीती यांचीही चौकशी करते. म्हणजे ज्याला हे सारे विसरायला सांगितले, त्यालाच पुढे त्यावर प्रश्न विचारले जातात. ही आप्तभाव चाचणी एकमेव निर्णायक कसोटी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला 2023 मध्ये स्पष्ट करावे लागले.

आदिवासींसाठी राखलेल्या याच जागांवर इतरांनीही हक्क सांगितला. अवैध दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिला. त्यानंतर 21 डिसेंबर 2019 च्या शासन निर्णयाने, जमातीचा दावा अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्रात अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा, पदांवर वर्ग करण्यात आले. तोवर ते ज्या जागांवर बसले होते, त्या जागा पावरी आणि भिलोरी बोलणाऱ्या मुलांसाठीही राखलेल्या होत्या.