जंप स्टार्टर घेतला म्हणून केबल फेकू नका

उतरलेल्या बॅटरीवरचा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जंपर केबलचे, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट आणणाऱ्या तारांचे, दिवस संपले, त्यांनी गाडीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) जळतो, त्या नुसत्या तापतात आणि गाडी काही सुरू होत नाही. त्यापेक्षा हातात मावणारा लिथियम जंप स्टार्टर, म्हणजे गाडी सुरू करून देणारा छोटा बॅटरी संच, घ्या, पीक अँपिअरचा आकडा जितका मोठा तितकं चांगलं, एकदा डिकीत टाकला की काळजी मिटली. गाडी सुरू झाली की पंधरा मिनिटं फिरवा, बॅटरी फुल.

जंप स्टार्टरला दुसरी गाडी लागत नाही, ही त्याची खरी ताकद आहे. रात्री-अपरात्री एकट्याने प्रवास करणाऱ्याने तो जरूर घ्यावा. पण संदेशातले बाकीचे मुद्दे जसेच्या तसे मानले तर माणूस नको तिथे अडकेल.

आधी ईसीयूचं बघू. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या असतील आणि जोडणी बरोबर असेल, तर केबलमधून ईसीयूला धोका पोहोचायला कारणच नाही. नुकसान होतं ते प्लस-मायनस उलटे लागले तर, २४ व्होल्टच्या ट्रकवरून कारला जोडलं तर, किंवा इंजिन चालू असताना क्लिप सैल होऊन ठिणग्या पडल्या तर. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) जोरात चार्ज करत असताना त्याचा भार एकदम तुटला की व्होल्टेज क्षणभर उसळतं. जुन्या, खराब बॅटरीला ती उसळी नीट पचवता येत नाही. जंप स्टार्टर बेफिकिरीने काढला तरी हाच प्रकार होऊ शकतो, त्यामुळे दोष केबलला देऊन उपयोग नाही.

जोडणीचा क्रम ठरलेला आहे. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकता कामा नयेत. लाल क्लिप उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मग काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला. शेवटची काळी मात्र बंद गाडीच्या बॅटरीवर लावायची नाही. ती इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर, बॅटरीपासून लांब लावायची. शेवटची क्लिप लावताना ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. शिवाय हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत मायनस टर्मिनलवर बॅटरी सेन्सर बसवलेला असतो, त्यावर क्लिप लावणं टाळलेलंच बरं. गाडी सुरू झाल्यावर तिचा ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावा, म्हणजे व्होल्टेज उसळलंच तर ते जिरायला जागा मिळते. मग उलट्या क्रमाने क्लिप काढा.

'केबल नुसत्या तापतात' ही तक्रार मात्र खरी आहे, फक्त ती स्वस्त केबलची आहे. हिशोब करून बघा. ३ मीटरची केबल म्हणजे करंट लालमधून जाऊन काळ्यातून परत येतो, एकूण ६ मीटर तार. स्टार्टर मोटरने २०० अँपिअर ओढले, तर १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात सुमारे १.३ व्होल्ट वाटेतच जातात. ते चालतं. ५ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात ४ व्होल्ट जातील. आणि तीच तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर साडेसहाच्या आसपास. १२ मधून साडेसहा गेले की स्टार्टरला उरतं काय? तेवढा करंट वाहूच शकत नाही, तार तापते आणि सेल्फ नुसता टकटक करतो.

बाहेरून जाड दिसणारी केबल बऱ्याचदा रबरानेच जाड असते. म्हणून पाकिटावरच्या अँपिअरपेक्षा तारेचं क्षेत्रफळ बघा. छोट्या पेट्रोल गाडीसाठी १६ चौरस मिलिमीटर, मोठ्या डिझेलसाठी २५ किंवा त्याहून जास्त. तारेचं कापलेलं टोक आतून चंदेरी दिसलं तर ते ॲल्युमिनियम आहे. क्लिपही उघडून बघा: पुष्कळ क्लिपांत तार एकाच जबड्याला जोडलेली असते आणि दुसरा जबडा केवळ बिजागरीच्या भरवशावर असतो. दोन्ही जबड्यांना जोडणारी तांब्याची पट्टी किंवा वेणी असेल ती क्लिप चांगली.

बारीक केबलच हाताशी असेल तरी लगेच हार मानू नका. ती जोडून मदतीच्या गाडीचं इंजिन ५ ते १० मिनिटं किंचित वाढवलेल्या वेगावर चालू ठेवा. तेवढ्यात उतरलेल्या बॅटरीत थोडा चार्ज साठतो आणि सेल्फ मारताना बराचसा करंट तीच देते, केबलवर सगळा भार येत नाही. हे काम जंप स्टार्टर करू शकत नाही, कारण त्याच्याकडे तेवढी ऊर्जाच नसते.

पीक अँपिअरच्या आकड्यावर तर अजिबात जाऊ नका. तो क्षणभराचा आकडा असतो आणि तो कसा मोजायचा याचा सगळ्यांनी पाळलेला एकच नियम नाही. त्याऐवजी सेल्फ मारताना काही सेकंद टिकणारा करंट किती ते बघा, आणि ऊर्जा वॉट-तासांत बघा. १२,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा साधारणपणे ३.७ व्होल्टच्या सेलवर मोजलेला असतो, म्हणजे जेमतेम ४४ वॉट-तास. ४५ अँपिअर-तासांच्या गाडीच्या बॅटरीत सुमारे ५४० वॉट-तास असतात. एवढासा संच इंजिनला काही धक्के नक्की देतो, पण पार मेलेल्या, आतून शॉर्ट झालेल्या बॅटरीला जोडला तर त्याची बरीचशी ताकद ती बॅटरीच गिळते. एका वेळी ३ ते ५ सेकंदच सेल्फ मारा आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा.

दुसरी अडचण जंप स्टार्टरच्या स्मार्ट क्लॅम्पची, म्हणजे बॅटरी ओळखूनच करंट सोडणाऱ्या क्लिपची. बॅटरीचं व्होल्टेज फारच खाली, एक-दोन व्होल्टवर गेलं असेल तर क्लॅम्पला ती सापडतच नाही आणि तो करंट सोडत नाही. मग बूस्टचं बटण दाबावं लागतं. पण बऱ्याच मॉडेलमध्ये त्याच बटणाने उलट जोडणीपासूनचं आणि शॉर्टपासूनचं संरक्षण बंद होतं. अंधारात, घाईत ते दाबण्याआधी टर्मिनलवरची खूण टॉर्चने पाहून घ्या.

'डिकीत टाकला की काळजी मिटली' हे तर साफ चूक. उन्हात बंद गाडीच्या आत तापमान ६० अंशांपर्यंत चढू शकतं आणि उष्णतेने लिथियम सेल लवकर म्हातारे होतात. दर तीन महिन्यांनी चार्ज तपासा, घरी सावलीत ठेवता आला तर उत्तम. फुगलेला संच वापरू नका, चार्जही करू नका. कडाक्याच्या थंडीत तो आळसावतो. तेव्हा जोडून एखादा मिनिट हेडलाइट लावले की सेल थोडे गरम होतात. शून्य अंशाखाली मात्र तो चार्ज करायचा नाही. केबलचं यातलं काहीच बघावं लागत नाही.

हायब्रिड गाड्यांत चित्र पालटतं. त्यांच्या १२ व्होल्ट बॅटरीला बहुधा इंजिन फिरवायचं नसतं, फक्त संगणक आणि रिले (विजेवर चालणारे स्विच) जागे करायचे असतात. तिथे अगदी लहान जंप स्टार्टरही पुरतो. पण हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्या गाडीला करंट देऊ नका, बहुतेक कंपन्यांची मॅन्युअल त्याला मनाई करतात.

राहिलं पंधरा मिनिटांत फुल होण्याचं. शिशाची बॅटरी शेवटचा भाग फार सावकाश भरून घेते. अगदी उतरलेली बॅटरी पूर्ण भरायला चार्जरवर कित्येक तास लागतात. बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून बघा: इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट तपासा, बॅटरीला दोष देऊ नका. चार्जरवर पूर्ण भरून रात्रभर ठेवलेली बॅटरी सकाळी १२.६ च्या आसपास हवी. ती १२.२ वर आली असेल तर दोनच शक्यता आहेत: बॅटरी संपली आहे, किंवा गाडीत काहीतरी गुपचूप करंट ओढतं आहे. बॅटरी पुन्हा भरून, तिची मायनसची तार काढून रात्रभर ठेवा. तरीही व्होल्टेज उतरलं तर बॅटरी बदला, टिकलं तर करंट कोण खातं ते शोधा.