मासुंद्याकाठी विजया

ठाण्यात तलावपाळीवर आमचा कट्टा सातला भरतो. परवा सुन्यानं टेकल्या टेकल्या मोबाईल पुढे केला. "आईच्या कमरेसाठी मागवतोय. विजयाचे थेंब." काकूंचं मणक्याचं दुखणं चार वर्षांचं. रात्री कूस बदलताना ओरडतात.

मंद्या उडालाच. "विजया म्हणजे गांजा ना रे? आईला आत पाठवतोस का?"

"होळीला भांग ढोसून माझ्या चपला घालून गेलास, तेव्हा कायदा नाही आठवला?"

नित्या मेडिकलवर बसतो, त्यामुळे निवाडा त्याच्याकडे. 1985च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसतं पान त्या व्याख्येत नाही. म्हणून पानाच्या अर्काची औषधं आयुर्वेदिक परवान्यावर निघतात आणि वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची असतात.

"बघ!" सुन्या खूश.

"थांब की. दुखणं जातं का, ते विचार."

सुन्याचं म्हणणं, परदेशात डॉक्टर सर्रास देतात. तसं नाही. कुठले उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2019मध्येच सांगितलं, जुनाट दुखण्यावर टीएचसीची, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याची, औषधं देऊ नका. 2021मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातल्या तज्ज्ञांनी जरा सैल सोडलं: नेहमीचे उपाय पुरत नसतील तर करून बघा, पण ओढायचं नाही. फायदा? दुखण्यात थोडा, झोपेत थोडा, तोही थोड्यांनाच. मला विचाराल तर चार वर्षं न झोपलेल्या बाईला तेवढंही पुष्कळ. पण चक्कर येते. काकू सत्तरीच्या. रात्री बाथरूमला जाताना पडल्या तर कंबर राहील बाजूला, खुबा मोडेल.

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना त्यांना?" नित्यानं मध्येच विचारलं. "वॉर्फरिन असेल तर जपून. या झाडातल्या द्रव्यांमुळे यकृतात ती गोळी लवकर जिरत नाही. रक्त नको तेवढं पातळ होतं. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासल्याशिवाय हात लावू नकोस."

सुन्या गप्प. ॲपवरच्या वैद्यांनी चार मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये चालू गोळ्यांचं काही विचारलंच नव्हतं. चिठ्ठी मात्र लगेच आली. मला राग आला तो याचा. मंद्या अजून पोलिसांतच अडकलेला.

सुन्यानं घरी फोन लावला. "अगं आई, ती रक्ताची गोळी कुठली गं? नाव वाच."

"सकाळची की रात्रीची? थांब, चष्मा बघते."

आम्ही थांबलो. मंद्यानं तेवढ्यात चार कटिंग सांगितले.