नऊची झोप

आमच्या चार वर्षांच्या मुलीची झोपायची वेळ रात्री नऊची. निदान डॉक्टरांना आम्ही तसं सांगतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास झोप हवी, असं ते म्हणाले तेव्हा आम्ही दोघांनीही, हे आमच्या घरात केव्हापासून चालत आलंय, अशा थाटात मान डोलावली.

नऊला दिवा बंद होतो. थोड्याच वेळात तहान लागते. मग शू. ही मागणी नाकारायची कोणाची छाती नाही. गादी आमचीच असते. शू करून परतताना वाटेत हॉल लागतो, हॉलमध्ये आजीची मालिका, आणि मालिकेत नेमकं कुणाचं तरी लग्न मोडत असतं. "आजी, ही का रडते?" संपलं. आजी पहिल्या भागापासून सांगायला घेते. मी डोळे वटारले की म्हणते, "अरे, झोप आली की झोपेल. तुला कोण घड्याळ लावून झोपवत होतं?"

तेही खरंच. हॉलभर गाद्या घातलेल्या, मोठ्यांच्या गप्पा रंगलेल्या, तिथेच कुठेतरी कलंडायचं आणि सकाळी भलत्याच पांघरुणात जागं व्हायचं.

शेवटी गोष्ट. चिऊ-काऊचीच लागते. भर पावसात काऊ दार ठोठावतोय आणि चिऊ आतून म्हणतेय, थांब, माझ्या बाळाला तीट लावते, थांब, माझ्या बाळाला झोपवते. लहानपणी मला चिऊ दुष्ट वाटायची. आता पटतं, बाई खरंच अडकली होती. पहाटेपर्यंत दार उघडलं नसेल तिने. उघडलं असतं तर बाळानेच आधी बाहेर येऊन विचारलं असतं, "काऊकाका, तुम्ही का रडता?"

माझी चुलत बहीण ऑकलंडला असते. डिसेंबरात आमच्याकडे दुपारचे बारा वाजले असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळचे साडेसात, खिडकीत लख्ख ऊन. तिने पडदे ओढले, दोन वर्षांच्या पोराला त्याच्या खोलीत ठेवलं, दार लोटलं आणि गप्पा मारायला येऊन बसली. आईचा चेहराच उतरला. "एकट्याला? आणि तिन्हीसांजेला?" तिन्हीसांजेला अंथरुणाला पाठ टेकणं म्हणजे उंबऱ्यावर आलेल्या लक्ष्मीला परत धाडणं. बहीण म्हणाली, "काकू, इथे सगळे असंच करतात." थाप नव्हती ती. २०१० मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या झोपेचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात न्यूझीलंडची बाळं सरासरी साडेसातच्या सुमारास झोपत होती आणि हाँगकाँगची सव्वादहाला. शिवाय ऑकलंडला डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, म्हणजे नियमाने तिन्हीसांज झालीच नव्हती, हा मुद्दा मी मांडून पाहिला. आईने दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं. हाँगकाँगबद्दल मात्र तिचं मत चांगलं झालं.

बरं, रात्री झोपेबाबत एवढी उदार असलेली हीच बाई सकाळी साडेसहाला, तेही रविवारी, खोलीत येऊन पंखा बंद करते. "सूर्यवंशी, उठा! लोळत काय पडलायस?" मी मुलीकडे बोट दाखवतो. ती आडवी पसरून, माझ्या उशीवर पाय टाकून गाढ झोपलेली असते.

"तिला झोपू दे," म्हणत आई पंखा परत लावते. "रात्री किती उशीर झाला बिचारीला. तू ऊठ, दूध आलंय."